सरळ धाग्याचे लाकूड: डोलकाठीपासून विमानाच्या पंखापर्यंत

शिडाच्या जहाजावर वाऱ्याचा जोर कापडावर येत असला, तरी तो जहाजाच्या अंगात उतरवण्याचे काम लाकडाच्या लांब सोटांना करावे लागत असे. उभी डोलकाठी, चौकोनी शीड टांगण्यासाठी तिच्यावर आडवा बांधलेला आडवासा, नाळेपुढे तिरका निघालेला सोट आणि शिडाची खालची कड ताणून धरणारा दांडा या सर्वांना इंग्रज नाविक ‘स्पार’ या एकाच नावाने ओळखत. विसाव्या शतकाच्या आरंभी विमान उडू लागले, तेव्हा पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या आणि पंखावरचा भार विमानाच्या धडाकडे नेणाऱ्या तुळईलाही हेच नाव मिळाले. नाव सारखे असले तरी दोन्हींवर येणारा ताण अगदी एकसारखा नसतो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी दोर ताणलेले असतात आणि वारा वाढला की हे दोर तिला खाली दाबू लागतात, त्यामुळे ती वाकते त्याहून अधिक दाबली जाते. विमानाचा पंख हवेने वर उचलला जातो, म्हणून त्यातील स्पारची वरची कड दाबली जाते, खालची कड ताणली जाते आणि मधला भाग या दोन कडांना एकमेकींवरून घसरू देत नाही.

या दोन्ही स्पारांचा इतिहास बहुधा यंत्रविद्येच्या प्रगतीचा भाग म्हणून सांगितला जातो, परंतु तो प्रथम अरण्यांचा आणि टंचाईचा इतिहास आहे. लांब, सरळ आणि निर्दोष असे एकसंध झाड जोवर मिळत होते तोवर कारागिराला फारसे डोके चालवावे लागले नाही; ते मिळेनासे झाले तेव्हा तुकडे जोडून स्पार करण्याची विद्या वाढली, आणि त्या क्षणापासून स्पार घडवणाऱ्याची चिंता लाकडातील गाठींकडून जोडांकडे वळली. पुढील अडीच शतकांत जे मोठे अपघात आणि वाद झाले, त्यांतील बरेचसे याच वळणाशी येऊन पोहोचतात.

सतराव्या आणि अठराव्या शतकांतील युद्धनौकेला लागणाऱ्या लाकडाचे प्रमाण पाहिले की या टंचाईची कल्पना येते. इंग्रजी गोद्यांमधील ठोकळ नियमानुसार मुख्य डोलकाठीच्या खालच्या भागाची लांबी जितके यार्ड, तितके इंच तिचा सर्वांत जाड ठिकाणचा व्यास असावा लागे. म्हणजे शंभर तोफांच्या जहाजासाठी सुमारे ४० यार्ड लांब आणि ४० इंच जाड खोड हवे असे. नुसता आकार पुरत नसे. लाकूड हलके हवे, कारण उंचावरचे वजन जहाजाला कलंडवते. लवचीक हवे, कारण ताठ लाकूड झोतात मोडते. आणि त्यात राळ पुरेशी हवी, कारण राळ सुकली की डोलकाठी ठिसूळ होते. ओक हे जहाजाच्या धडासाठी उत्तम लाकूड या कामी निरुपयोगी होते. पाइन आणि फर या सूचिपर्णी वृक्षांनाच हे गुण एकत्र लाभले होते. बाल्टिक समुद्राच्या खोऱ्यातून रीगा बंदरात येणारा पाइन दर्जाने सर्वांत चांगला मानला जाई, मात्र तो साधारण २७ इंचांहून जाड क्वचितच मिळे. शिवाय बाल्टिकचे तोंड डेन्मार्कच्या हाती होते आणि युद्धाच्या काळात ते कधी बंद होईल याचा भरवसा नसे.

या अडचणीवर इंग्लंडला उपाय सापडला तो अटलांटिकच्या पलीकडे. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यामागील अरण्यांत पांढरा पाइन हा प्रचंड वृक्ष वाढत असे, आणि त्याची सर्वांत मोठी खोडे रीगाच्या कोणत्याही खोडाला लाजवतील अशी होती. १६५०च्या दशकापासून नौदलासाठी ही खोडे नियमितपणे समुद्रापार जाऊ लागली. डिसेंबर १६६६ मध्ये डचांशी युद्ध चालू असताना डोलकाठ्या घेऊन आलेली चार जहाजे फालमथला सुखरूप पोहोचल्याची नोंद नौदलाचे अधिकारी सॅम्युअल पीप्स यांनी आपल्या रोजनिशीत समाधानाने केली आहे.

असे झाड पाडणे हे स्वतंत्र कसब होते. प्रचंड कोसळीत खोड तडकू नये म्हणून ज्या दिशेला ते पडणार तेथे लहान झाडे आधी तोडून त्यांची गादी घातली जाई, आणि शक्यतो बर्फ असतानाच घाव घातला जाई. मग ते खोड ओढण्यासाठी बैलांच्या कित्येक जोड्या जुंपाव्या लागत आणि त्यासाठी जंगलातून शक्य तितका सरळ रस्ता काढावा लागे, कारण १०० फुटी लाकूड वळणावर फिरत नाही. चढ संपून उतार सुरू होण्याची जागा सर्वांत धोक्याची असे; खोडाचे पुढचे टोक टेकडीमाथ्यापलीकडे हवेत जाऊ लागले की दांडी वर उचलली जाई आणि तिला जुंपलेले बैल जोखडासह अधांतरी लटकत. नदीपर्यंत पोहोचलेले लाकूड वाहत बंदरात आणले जाई, आणि पाठीमागच्या बाजूला मोठी दारे ठेवून बांधलेल्या खास जहाजांत ते आडवे सरकवले जाई. इंग्लंडमधील गोद्यांत ही खोडे खाऱ्या पाण्याच्या तळ्यांत बुडवून ठेवत, कारण उघड्यावर ती सुकून तडकली असती. पुढे सुतार खोड आधी चौकोनी करीत, मग आठ कोनी, मग सोळा कोनी, आणि शेवटी तासून गोल करीत. एकदम गोल करू गेल्यास खोडाचा मध्य ढळतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

एवढ्या मोलाचे झाड राज्यसत्तेने मोकळे सोडणे शक्यच नव्हते. १६९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीला जी नवी सनद मिळाली, तिच्यात जमिनीपासून १२ इंचांवर २४ इंच वा अधिक व्यासाचे, पूर्वी कोणाच्या खाजगी मालकीत न गेलेल्या जमिनीवरचे प्रत्येक झाड राजाच्या नौदलासाठी राखून ठेवले होते, आणि परवान्याविना असे झाड तोडणाऱ्यास झाडागणिक १०० पौंड दंड होता. राखीव झाडावर कुऱ्हाडीच्या तीन घावांनी बाणाचे टोक कोरले जाई. पुढील कायद्यांनी ही तरतूद इतर वसाहतींवर आणि अधिक झाडांवर लादली. वसाहतवाल्यांना ती कधीच मानवली नाही. त्यांच्या दृष्टीने पाइन म्हणजे घरे, पिंपे आणि रोख पैसा होता. एप्रिल १७७२ मध्ये न्यू हॅम्पशरमधील विअर येथे बेकायदा पाइन बाळगल्याबद्दल एका गिरणीवाल्यास पकडण्यासाठी आलेल्या शेरीफला गावकऱ्यांनी छड्यांनी झोडपून काढले आणि त्याच्या घोड्याचे कान कापले. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या कारणांत चहा आणि मुद्रांक यांची नावे घेतली जातात, पण उत्तरेकडील वसाहतींत पाइनचे दुखणे त्यांच्याहून जुने होते.

या सनदेशेजारी त्याच पिढीतील एक मराठी दस्तऐवज ठेवून पाहण्यासारखा आहे. रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात जहाजांच्या फळ्या, सोट आणि डोलकाठ्या यांसाठी लागणाऱ्या थोर लाकडाचा विचार केला आहे. राज्यातील अरण्यांत साग वगैरे जे वृक्ष आहेत ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावेत, अधिक लागल्यास परमुलखातून खरेदी करून आणावे, असे तेथे सांगितले आहे. आंबा आणि फणस यांचेही लाकूड आरमाराच्या कामाचे असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे, अशी सक्त ताकीद आहे. आरमाराची गरज दोन्हीकडे तीच होती. मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत झाडाचा व्यास मोजला आहे आणि आज्ञापत्रात झाडाचा धनी कोण हे विचारले आहे. राज्यकर्ता म्हणून कोणाला अधिक समज होती हे ठरवणे अवघड नाही. अर्थात मराठ्यांच्या गुराबा आणि गलबते शंभर तोफांच्या जहाजांहून पुष्कळ लहान होती आणि त्यांना ४० इंची खोडांची गरज नव्हती, हेही ध्यानात घ्यावे लागते.

सह्याद्रीच्या अरण्यांवर अशी सक्ती आली ती कंपनी सरकारच्या अमलात. ओकची वानवा झाल्यामुळे ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या गोदीत सागाच्या युद्धनौका बांधून घेण्यास सुरुवात केली. वाडिया घराण्यातील कारागिरांच्या देखरेखीखाली १८१० मध्ये ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे जहाज आणि १८१७ मध्ये ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट तेथे पाण्यात उतरली. ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. धडासाठी साग उत्कृष्ट असला तरी डोलकाठीसाठी तो जड पडतो, म्हणून या किनाऱ्यावरील जहाजांच्या स्पारांसाठी ‘पून’ या लाकडाला मागणी होती. किनाऱ्यावरच्या उंडीच्याच कुळातील, पण घाटांतील दमट अरण्यात सरळसोट वाढणारा हा वृक्ष कानडा, कुर्ग आणि मलबार या भागांतून येई. सागावरचा हक्क आपला असल्याचे जाहीर करून कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या अधिकाऱ्यास मलबारच्या अरण्यांचा संरक्षक नेमले; त्याने व्यापाऱ्यांवर आणि जमीनधारकांवर इतकी जबरदस्ती केली की १८२३ मध्ये मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी हे पदच मोडीत काढले. भारतातील वनखात्याचा आरंभ अनेकदा डीट्रिच ब्रँडिस यांच्यापासून धरला जातो, पण जहाजांच्या लाकडासाठी नेमलेला हा पोलिसी बाण्याचा अधिकारी त्यांच्या अर्धशतक आधीचा आहे.

पुन्हा अटलांटिककडे वळायचे तर, १७७५ मध्ये अमेरिकी वसाहतींत युद्ध पेटले आणि बंदरांत जमवलेल्या डोलकाठ्या बंडखोरांनी अडवल्या. यामुळे इंग्लंडचे नौदल खिळखिळे झाले आणि त्यामुळेच वसाहती गमवाव्या लागल्या, असे मत रॉबर्ट अल्बियन यांनी १९२६ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मांडले. पुढील संशोधकांनी गोद्यांचे साठे तपासून हे मत बरेच सौम्य केले आहे, आणि ते योग्यच आहे, कारण मोठी खोडे संपली तरी डोलकाठ्या थांबल्या नव्हत्या. त्या तुकड्यांतून घडू लागल्या होत्या. मध्ये एक लांब सोट, त्याला सभोवती बिलगणारे बाजूचे सोट, त्यांच्या सांध्यांत एकमेकांना घसरू न देणाऱ्या लाकडी खुंट्या, आणि वरून लोखंडी पट्टे व दोरांचे घट्ट वेढे अशी ही जोडलेली डोलकाठी असे. तिचे तुकडे मध्यम जाडीच्या रीगा पाइनचे चालत. ती करायला वेळ आणि पैसा अधिक लागे आणि सांध्यात पाणी शिरले की आतून कुजे. परंतु एखादा तुकडा खराब निघाला तर तेवढाच बदलता येई आणि प्रत्येक तुकडा जोडण्यापूर्वी सर्व बाजूंनी तपासता येई, हा लाभ अखंड खोडात नव्हता.

हीच युक्ती अरबी समुद्रात कोणत्याही टंचाईच्या कायद्याविना आधीपासून रुळलेली होती. कोकणच्या फत्तेमारीचे किंवा मचव्याचे तिकोनी शीड ज्या तिरक्या वाशावर चढवतात, तो वासा जहाजाच्या लांबीला जवळपास टेकेल इतका लांब असतो आणि बहुधा दोन किंवा अधिक सोटांची टोके एकमेकांवर चढवून दोराने करकचून बांधलेला असतो. असा जोड थोडा लवतो; खिळ्यांचा जोड तेथे फुटला असता. वाऱ्याच्या झोतात वाशाचे वरचे टोक वाकून शिडातील हवा सांडते आणि जहाजावरचा भार आपोआप कमी होतो. युरोपीय निरीक्षकांना हे बांधकाम ओबडधोबड वाटले, मात्र वाकू देऊन वाचवण्याचे हे तत्त्व विमानांच्या पंखांत अभियंत्यांनी फार उशिरा आणि फार हिशेब करून आणले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्याच्या पोकळ डोलकाठ्या आल्या आणि प्रचंड खोडांची गरजच सरली. ट्राफल्गारच्या लढाईतील ‘व्हिक्टरी’ या जहाजावरसुद्धा १८९०च्या दशकात ‘शाह’ या दुसऱ्या युद्धनौकेच्या लोखंडी डोलकाठ्या बसवण्यात आल्या.

डोलकाठीसाठी लाकडाची मागणी संपत आलेली असतानाच तशाच लाकडाचे नवे गिऱ्हाईक उभे राहिले. सप्टेंबर १९०० मध्ये विल्बर राइट आपल्या पहिल्या माणूस वाहणाऱ्या ग्लायडरचे साहित्य घेऊन किटी हॉककडे निघाले, तेव्हा पंखांच्या स्पारांसाठी त्यांना १८ फूट लांबीचे स्प्रूस हवे होते. ते कोठेच मिळाले नाही. वाटेत नॉरफोक येथे १६ फुटी पांढरा पाइन मिळाला, त्यावर भागवावे लागले, आणि पंखांचे क्षेत्र योजलेल्या २०० चौरस फुटांवरून सुमारे १६५ चौरस फुटांवर आले. नौदलाच्या राखीव यादीतील त्याच जातीचे लाकूड अशा प्रकारे उड्डाणविद्येच्या पहिल्या प्रयोगांत शिरले, आणि तेही पर्याय म्हणून. १९०३ च्या विमानात राइट बंधूंना स्प्रूस मिळाले.

आरंभीच्या दुपंखी विमानाची रचना जहाजाच्या जवळची होती. वरचा आणि खालचा पंख यांच्यामध्ये उभे खांब आणि कर्णरेषेत ताणलेल्या तारा असत, आणि पंखातील स्पार हा त्या सांगाड्यातील एक दाबला जाणारा दांडा असे. तो मोडण्यापेक्षा डोलकाठीप्रमाणे फुगून वाकण्याची भीती अधिक असे. लांब, बारीक दांड्याची ही सहनशक्ती लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे लांबी दुप्पट झाली तर तो एक चतुर्थांश भारालाच वाकतो, हे लेओनहार्ट ऑयलर यांनी अठराव्या शतकातच गणिताने दाखवले होते. तारांचा ताण नेमका राखणारा कामगार ब्रिटिश हवाई दलात ‘रिगर’ म्हणजे जहाजाच्या दोरखंडांच्या कारागिराच्याच नावाने ओळखला जाई, आणि पहिल्या पिढीतील अनेक सुतार नावा बांधण्याच्या धंद्यातून आलेले होते. पंखाच्या स्पारने तारांचा आधार सोडला तेव्हा मात्र नवा हिशेब सुरू झाला. एकाच टोकाला धरलेल्या तुळईत मध्यातले लाकूड जवळपास निष्क्रिय असते आणि वरच्या-खालच्या कडा सगळे काम करतात. तुळईची उंची दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. त्यामुळे मधले लाकूड कोरून काढणे, किंवा वर-खाली स्प्रूसच्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना प्लायवुड लावून पोकळ पेटी करणे, हे दोन मार्ग रूढ झाले.

पहिल्या महायुद्धात विमानांची संख्या हजारांनी वाढू लागली आणि स्प्रूसची मागणी अशी भडकली की १६९१ ची आठवण व्हावी. वॉशिंग्टन आणि ऑरेगन या राज्यांच्या पावसाळी किनाऱ्यावर वाढणारा सिटका स्प्रूस हा २०० फुटांवर जाणारा वृक्ष आपल्या वजनाच्या मानाने असाधारण बळकट असतो आणि त्याचा धागा लांबपर्यंत सरळ जातो. १९१७च्या उन्हाळ्यात आठ तासांच्या दिवसाच्या मागणीवरून तेथील लाकूडतोड्यांनी संप केला आणि पुरवठा आटला. अमेरिकी सरकारने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कर्नल ब्राइस डिस्क यांच्या हाताखाली सैन्याची स्वतंत्र स्प्रूस तुकडी उभारली, सुमारे ३०,००० सैनिक जंगलांत आणि गिरण्यांत पाठवले, कामगारांसाठी एक निष्ठावान संघटना काढली आणि मार्च १९१८ पासून आठ तासांचा दिवसही मान्य केला. संपवाल्यांना तुरुंग आणि त्यांच्या मागणीला मान्यता, असा हा दुहेरी व्यवहार होता. फेब्रुवारी १९१८ मध्ये व्हँकूव्हर बॅरक्स येथे सुरू झालेल्या गिरणीतून निघालेल्या लाकडाचा मोठा भाग ब्रिटन, फ्रान्स आणि इटली या देशांना गेला.

या लाकडाची निवड कशी होत असे ते जवळून पाहण्यासारखे आहे. करवत धाग्याची पर्वा न करता सरळ कापते, त्यामुळे आतून पिळलेल्या खोडाची फळीही बाहेरून सुंदर दिसते; पण अशा फळीत धागे कडेला येऊन तुटलेले असतात आणि ताण आला की ती तिरपी चिरत जाते. म्हणून जंगलातच खोडाला पाचरी ठोकून ते धाग्याच्या ओळीने फोडले जाई, जेणेकरून लाकूड स्वतःच आपला पीळ उघड करी. एका भल्या मोठ्या खोडातून विमानाच्या उपयोगाचे लाकूड फार थोडे निघे. धागा १५ इंचांत एका इंचाहून अधिक तिरपा नसावा आणि दर इंचात किमान सहा वार्षिक वलये असावीत, या अटी अमेरिकी हवाई वाहतूक प्रशासनाच्या दुरुस्ती-नियमांत लाकडी स्पारांसाठी आजही छापलेल्या असतात. निवडीत एवढे लाकूड बाद होत असल्यामुळे ब्रिटिश कारखान्यांनी युद्धकाळातच लहान तुकडे सरसाने जोडून स्पार करण्यास आरंभ केला. डोलकाठीच्या इतिहासात जे घडायला शंभर वर्षे लागली ते येथे चार वर्षांत घडले.

आता सारी भिस्त सरसावर आली. दुधातील केसिनपासून केलेला सरस कोरड्या हवेत उत्तम धरतो, मात्र ओल त्याला सोसत नाही. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस राज्यातील बझारजवळ एक फॉकर एफ-१० प्रवासी विमान पंख मोडून कोसळले आणि त्यातील आठही माणसे ठार झाली. त्यांत अमेरिकी फुटबॉलचे विख्यात प्रशिक्षक नूट रॉक्नी होते, म्हणून या अपघाताची चर्चा देशभर झाली. पंखाच्या बंद लाकडी पेटीत ओल शिरून स्पारचे सरसाचे जोड सुटले असावेत, असा तपासाचा रोख होता. आणि सर्वांत गैरसोयीची बाब ही होती की प्लायवुडचे आवरण उचकटल्याशिवाय आतला स्पार पाहताच येत नव्हता. सरकारने त्या जातीची विमाने काही काळ जमिनीवर ठेवली. प्रवाशांचा लाकडी पंखावरचा विश्वास उडाला, आणि १९३२ मध्ये टीडब्ल्यूए या कंपनीने धातूच्या विमानाची मागणी नोंदवली, तिच्यातून डग्लस डीसी-१ आणि पुढे डीसी-३ जन्मास आले. लाकूड हरले ते बळात नव्हे, तपासणीत हरले, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

तरीही लाकडाने एक मोठी झेप अजून घ्यायची ठेवली होती. नोव्हेंबर १९४० मध्ये प्रथम उडालेले डी हॅविलंड मॉस्किटो हे बाँबफेकी विमान बहुतांश लाकडाचे होते. त्याचा ५४ फूट रुंद पंख अखंड होता, आणि स्प्रूसच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवून केलेल्या कडा व प्लायवुडच्या बाजू असलेले दोन पेटीसारखे स्पार त्याच्या टोकापासून टोकापर्यंत जात. १९४४च्या उत्तरार्धात ही विमाने ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी भारतातून उडत असताना काही विमाने हवेतच मोडली आणि नोव्हेंबरात ती उडवणे थांबवावे लागले. पहिला संशय हवामानावर आला: उन्हाने आणि पावसाळी दमट हवेने सरस निकामी होतो, असे मानले गेले. कंपनीच्या वतीने मेजर हेरवर्ड डी हॅविलंड यांचे पथक भारतात आले आणि त्याने सरसाला निर्दोष ठरवून ओल्या ऋतूत सांगाडा आक्रसल्याचे कारण दिले. पुढील तपासणीत पावसाळा कधी न पाहिलेल्या विमानांतही तसेच दोष सापडले, तेव्हा निष्कर्ष बदलला आणि चिकटवण्याच्या कामातील हलगर्जीपणा हे मुख्य कारण ठरवण्यात आले. भारतीय पावसाळ्यावर ठपका ठेवणे सोयीचे होते, कारण पावसाळ्याला कारखान्याच्या हजेरीपटावर सही करावी लागत नाही.

धातूच्या स्पारांनी जोडण्याची विद्या टाकून दिली नाही, उलट पुढे नेली. स्पिटफायरच्या मुख्य स्पारची वरची आणि खालची कड ही एकीत एक घातलेल्या पाच चौकोनी नळ्यांची होती. धडाजवळ, जेथे भार सर्वाधिक, तेथे पाचही नळ्या असत. टोकाकडे जाताना एकेक नळी संपत जाई, त्यामुळे जाडी भाराच्या प्रमाणात आपोआप उतरत जाई. जोडलेल्या डोलकाठीच्या सोटांनाही सुतार टोकाकडे असेच निमुळते करीत.

धातूने मात्र एक असा दोष आणला, जो लाकडात जवळपास नव्हता. मोडण्याइतका भार कधीच आला नाही, तरी लहान भार लाखो वेळा येत राहिला तर धातूत बारीक तडा पडतो आणि तो मुंगीच्या पावलांनी वाढतो. याला थकवा म्हणतात. आगगाड्यांच्या आसांवर प्रयोग करून जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर यांनी तो एकोणिसाव्या शतकात दाखवून दिला होता, पण विमाने युद्धात इतकी कमी जगत की थकण्याची वेळच येत नसे. दीर्घकाळ वापरलेल्या प्रवासी विमानांनी तो उघड केला. ३१ जानेवारी १९४५ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात एका स्टिन्सन विमानाचा पंख तुटून दहा जण दगावले. २९ ऑगस्ट १९४८ रोजी अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी मार्टिन २-०-२ हे जवळपास नवे विमान वादळात पंख गमावून पडले आणि ३७ जण मृत्यू पावले. तडा सापडला तो स्पारच्या मधल्या भागात नव्हे, तर बाहेरचा पंख आतल्या पंखाला जोडणाऱ्या तुकड्यात. १९५१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात डी हॅविलंड डव्ह विमानाच्या स्पारची खालची कड तशाच थकव्याने तुटली. मेलबर्नच्या सरकारी प्रयोगशाळेने यानंतर जुन्या मस्टँग विमानांचे पंख आणून ते वाकवून-सोडून, वाकवून-सोडून मोडेपर्यंत तपासले, आणि तडे बहुधा बोल्टांच्या भोकांपासून सुरू होतात हे पुन्हापुन्हा दिसून आले.

ब्रिटनच्या अण्वस्त्रवाहू ताफ्यातील व्हॅलियंट या बाँबफेकी विमानांचा शेवट याच कारणाने झाला. रडारपासून लपण्यासाठी १९६०च्या दशकात ती उंचावरून न उडवता जमिनीलगत उडवली जाऊ लागली, जेथे हवेचे धक्के कितीतरी अधिक असतात. ऑगस्ट १९६४ मध्ये एका विमानाचा मागचा स्पार उड्डाणात तडकला. पायलटाने ते सुखरूप उतरवले, पण इतर विमाने उघडून पाहिली तेव्हा अनेकांत तडे आढळले आणि जानेवारी १९६५ मध्ये अवघा ताफा भंगारात काढण्याचा निर्णय झाला. अभियंत्यांच्या भाकितानुसार स्पारचे आयुष्य पुष्कळ शिल्लक होते. फक्त ते भाकीत वेगळ्या उंचीवरच्या उड्डाणांसाठी केलेले होते.

कार्बन तंतूंनी हा इतिहास काही अंशी मागे फिरवला आहे. राळेत बुडवलेले तंतू हव्या त्या दिशेने थरावर थर अंथरून, दाब आणि उष्णता देऊन घट्ट केले की जणू झाडाचा धागा कारागिराच्या मर्जीने वाढवता येतो, आणि शर्यतीच्या नौकांच्या डोलकाठ्या व प्रवासी विमानांचे स्पार हे दोन्ही आता एकाच प्रकारच्या भट्टीत शिजतात. बोइंग ७८७ या विमानाचे पंख अशा साहित्याचे आहेत. त्याचे पहिले उड्डाण जून २००९ मध्ये व्हायचे होते, परंतु जमिनीवरच्या भारचाचणीत पंख आणि धड जेथे मिळतात त्या ठिकाणी थर सुटू लागल्याचे दिसले. स्पार शाबूत होते, पंखाच्या वरच्या कातडीला आतून ताठ करणाऱ्या पट्ट्यांची टोके उकलत होती. त्या टोकांना नवा आकार देऊन आणि टायटॅनियमचे तुकडे बसवून जोड बळकट करण्यात आला, आणि विमान उडाले ते १५ डिसेंबर २००९ रोजी.